उंबरवाडीला गाडी सोडणारे काका

जेवायला हाक मारली की काका लगेच कधी यायचे नाहीत. आधी त्यांच्या खोलीतून नाकातला आवाज यायचा, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. ओसरीवरून स्वयंपाकघराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर लागत आहे." मग चपला वाजायच्या, मग हात धुतल्याचा आवाज, आणि मग ते स्वतः. आमटीत मीठ कमी पडलं तर "कंडक्टर खाली राहिला" म्हणायचे. मला हसू यायचं, पण मी तोंडाला पदर लावून हसायचे. मोठ्यानं हसायची सवय नव्हती, आणि आमच्या घरी हसण्याजोगं बोलणारं दुसरं कुणी नव्हतंही. हे, म्हणजे माझे मालक, पहाटे टेम्पोत माल भरून पुण्याला जायचे ते दुपार कलल्यावर यायचे, जेवायचे आणि झोपायचे. मुलगा पुण्याला माझ्या बहिणीकडं शिकायला होता. सासूबाई गेल्यापासून दिवसभर घरात मी, कोंबड्या आणि हायवेचा आवाज.

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या खोलीत बसून कर्ण्यावरून गाड्या पुकारायच्या, कुठली गाडी कुठं लावायची ते बघायचं, हे त्यांनी नोकरीभर केलं. रिटायर झाल्यावर कामथडीत आमच्या ओसरीलगतची खोली भाड्यानं घेतली, जेवणही आमच्याकडंच. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. इथंच का, तर म्हणाले, "कामथडीहून भोर जवळ, नसरापुरावरून वेल्हे जवळ, आणि रात्रंदिवस गाड्यांचा आवाज. मला दुसरं काय लागतं?" सामान म्हणजे एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर. तो ह्यांनीच टेम्पोतून आणला. गल्लीतल्या बायकांना वाटलं टीव्ही आला, आणि त्या पोरंबाळं घेऊन मालिका बघायला आल्या. काकांनी सगळ्यांना बसवलं, मला चहा टाकायला सांगितला आणि पडद्यावर गावांची नावं दाखवली. बायका चहा पिऊन गेल्या त्या परत आल्या नाहीत.

हितं, तिथं, तिकडं हे शब्द काकांना चालत नसत. मी म्हणायचे, "काका, तुमचा डबा तिकडं ठेवलाय."

"तिकडं म्हणजे कुठं? तिकडं नावाचं गाव आख्ख्या महाराष्ट्रात नाही."

"कोनाड्यात."

"आता पोचतो."

स्टँडवर माणसं खिडकीशी येऊन विचारायची, "साहेब, आमची गाडी लागली का?" आणि काका ओरडायचे, "तुमची म्हणजे? तुमच्या आजोबांनी घेतलेली का? गावाचं नाव घ्या!" हे सांगतानासुद्धा त्यांच्या मानेच्या शिरा फुगायच्या. गाव त्यांना कंट्रोलर म्हणायचं ते काही उगाच नाही.

तर त्या कॉम्प्युटरवर काका वेबसाइट बनवत होते. मी चौथी शिकलेली, मला हा शब्द त्यांच्याकडूनच कळला. भोर आणि वेल्हे तालुक्यातल्या गावांची वेबसाइट. एका गावाला एक पान. देऊळ कुठलं, ओढा कुठला, एसटी कधी येते, जुनी माणसं काय सांगतात. तेव्हा आमच्याकडं लाइट असण्यापेक्षा नसायचीच जास्त. असेल तेव्हा काका टाइप करत बसायचे, मग सगळं पेनड्राइव्हवर घेऊन एसटीनं भोरला जायचे. तिथं रफीकभाईंचं सायबर कॅफे होतं. तिथून ती पानं जगात सोडायची.

ही सगळी गावं मात्र एका गावासाठी होती. काकांनी ते कधी लपवलं नाही.

ते गाव उंबरवाडी. काकांचं गाव. पानशेतच्या धरणात गेलं तेव्हा काका शाळेत होते. आईवडील नव्या जागेत रुजले नाहीत, लवकर गेले. धाकट्या भावाला काकांनीच वाढवलं. पुढं काका एसटीत लागले, आणि एक दिवस हा भाऊ विनातिकीट सापडला. चेकरनं स्टँडवर आणून उभा केला तर म्हणाला, "माझा भाऊ इथं कंट्रोलर आहे." काका खोलीतून बाहेर आले आणि सगळ्या फलाटांवरची माणसं बघत असताना त्याच्या कानाखाली मारली. तो समोरून जी गाडी सुटत होती तिच्यात चढला. त्यानंतर दिसला नाही.

"त्या गाडीची सूचना मीच दिली होती," काका म्हणायचे. "त्यानं माझा शेवटचा आवाज ऐकला तो कर्ण्यावरचा."

पेपरात फोटो दिले, सोयऱ्याधायऱ्यांत विचारून झालं. काही उपयोग झाला नाही. आता काकांचं म्हणणं असं होतं, की तो माझं नाव कधीच शोधणार नाही, पण गावाचं शोधेल. "म्हातारा झाला की माणूस गाव शोधतो, ताई. त्याच्या पोरांच्या घरी कॉम्प्युटर असेलच की. एक दिवस म्हणेल, टाक रे त्यात उंबरवाडी. तेव्हा पहिलं माझं पान निघालं पाहिजे. दुसरं नाही, पहिलं. खालची नावं कोण वाचत बसतंय?"

पण उंबरवाडी टाकलं की पहिलं निघायचं ते एक हॉटेल. कोकणाच्या वाटेवर कुठंतरी त्याच नावाची जागा होती. आंब्याची बाग, झोपाळे, पोहायला तलाव. काकांचं पान त्याच्या खूप खाली, जिथवर कुणी जात नाही तिथं. "दोन्ही उंबरवाड्यांत पाणीच," काका म्हणाले. "त्यांच्या पाण्यात लोक हौसेनं उतरतात, एवढाच फरक."

मला त्यांनी हे सगळं एसटीवरून समजावलं, म्हणून समजलं. जगातल्या वेबसाइटी वाचत फिरणारं एक यंत्र असतं, आणि कुणी काही शोधलं की कुठलं पान आधी दाखवायचं ते तेच ठरवतं. काका त्याला चेकर म्हणायचे. एका पानावरच्या शब्दावर टिचकी मारली की दुसरं पान उघडतं, त्याला म्हणायचं लिंक. काकांच्या भाषेत गाडी. "चेकर गाडीत बसूनच फिरतो. ज्या गावाला गाडी नाही तिथं तो उतरणार कसा? ते पान असून नसल्यासारखं. आणि जिथं पुष्कळ गाड्या येतात ते गाव मोठं, असं तो धरतो. आता दुसऱ्याच्या वेबसाइटवरनं आपल्याकडं गाडी सोडा म्हणून कुणाला सांगणार? पण आपल्या डेपोतल्या गाड्या तर आपल्या हातात आहेत!"

मग त्यांनी प्रत्येक गावाच्या पानाखाली सगळ्या गावांची नावं ओळीनं लिहिली. सगळीकडून सगळीकडं गाड्या. मोठ्या खुशीत भोरला गेले, काही दिवसांनी पुन्हा बघायला गेले, आणि तोंड पाडून आले. उंबरवाडीचं पान होतं तिथून आणखी खाली गेलं होतं. रफीकभाई त्यांना म्हणाले होते, "काका, गल्लीतल्या सगळ्यांनाच दावत दिली, तर खास पाहुणा कोण ते कसं कळणार?"

त्या दिवशी काका जेवले नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या माहेरची माणसं बाजाराला कुठं जातात?"

माझं माहेर वेल्ह्याच्या वर, डोंगराच्या माथ्यावरची वस्ती. शेरडं-मेंढरं आणि चार घरं. लग्न होऊन कामथडीला आल्यापासून माहेराविषयी मला कुणी काही विचारलं नव्हतं.

"वेल्ह्याला," मी म्हटलं.

"दळण?"

"खाली उतरून गिरणीला. पावसाळ्यात जात्यावर."

"लेकी कुठं दिल्या?"

मी सांगायला लागले आणि थांबलेच नाही. मोठी आत्या विंझरला, धाकटी मार्गासनीला, चुलतबहीण पानशेतच्या अंगाला. कोण कुणाच्या जत्रेला जातं, कुणाच्या घरचं कोकरू कुणाला दिलं, कुठल्या वाटेनं. दूध उतू गेलं. काका काही लिहून घेत नव्हते, नुसते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे गाड्या आधीपासूनच सुटतायत. मी वेड्यासारखा नवं वेळापत्रक करत बसलो."

दोन दिवसांनी त्यांनी मला पडद्यावर माझ्या माहेरची वस्ती दाखवली. लहानसं पान होतं. "तुमच्या वाडीवरून बाजाराची गाडी सुटते, दळणाची सुटते आणि लेकींची," ते म्हणाले. मी दारातूनच बघितलं आणि आत जाऊन उगाच डबे पुसत बसले.

तिथून त्यांचा नेम ठरला. ज्या गावाचा उंबरवाडीशी खरा संबंध, त्याच गावाच्या पानावरून उंबरवाडीला गाडी. सकाळच्या एसटीनं ते वेल्ह्याकडं निघायचे, गावोगावच्या म्हाताऱ्यांना गाठायचे आणि विचारायचे, तुमच्यात उंबरवाडीची कुणी लेक दिलीय का. एका म्हातारीनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "आता ह्या वयात पोरगी बघताय व्हय?"

"पोरगी नाही आजी, गाव बघतोय."

"गाव तर बुडालं."

"म्हणून तर बघतोय."

तेव्हा ती म्हणाली, "म्या तिथलीच हाय," आणि त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. असं कुठं एखादी सून सापडायची, कुठं उंबरवाडीहून आणलेली देवाची मूर्ती, कुठं तिथल्या माणसानं खणलेली विहीर. जिथं काहीच सापडायचं नाही तिथून ते गाडी सोडत नसत. रफीकभाई म्हणायचे, टाका की हो, कोण बघतंय. काका म्हणायचे, "विनातिकीट नाही."

संध्याकाळी ते ओसरीच्या पायरीवर बसून हायवेवरनं जाणाऱ्या एसटीच्या पाट्या वाचायचे. डोळ्यांना अंधूक दिसायचं, तरी रंगावरून आणि वेळेवरून ओळखायचे. सातारा. महाबळेश्वर. वाई. मी अंगणात भांडी घासायचे. असे आम्ही किती दिवस बसलो असू. बोलायचो थोडंच. पण भांडी झाल्यावर मी उगाच एखादं पातेलं परत घासायचे.

एवढं करूनही पान थोडंच वर आलं. हॉटेल काही हलेना.

मग कांद्याची गोष्ट झाली. शिवऱ्याचा एक शेतकरी आमच्या दाराशी आला. बाजूला कांद्यानं भरलेला ट्रॅक्टर लावलेला. "टेम्पोवाले हितंच राहत्यात का?" मी दाराआडून म्हटलं, "व्हय, हितंच." "नाव काय त्यांचं?" आता नाव कसं घेणार? मी म्हटलं, "आमचेच." तो म्हणाला, "आमचे म्हंजी कोण, बाई? मला नाव सांगितलंय, तेच हे का बघायचंय." मी पदर पुढं ओढला. तो थोडा थांबला, डोकं खाजवलं आणि पुढच्या आळीतल्या दुसऱ्या टेम्पोवाल्याकडं गेला. कांदा तिकडं गेला.

हे घरी आल्यावर तापले. "एक नाव घेतलं तर जीभ झडती का तुझी?" काका ओसरीवर जेवता जेवता सगळं बघत होते. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "पाटी लावा ताई, पाटी! लग्नात उखाणा घेतला होता ना? मग त्या माणसापुढं एक उखाणा घ्यायचा!" हेही हसायला लागले. आणि हसता हसता काका एकदम थांबले. ताट तसंच ठेवून खोलीत गेले.

उंबरवाडीला सोडलेल्या प्रत्येक गाडीवर त्यांनीच पाटी लावली होती, आमचं गाव. विंझरच्या पानावर लिहिलं होतं, इथल्या एक आजी आमच्या गावच्या. लिंक होती ती ‘आमच्या गावच्या’ या शब्दांवर. सगळीकडं तसंच. आमचं गाव, आमच्या गावाहून, आमच्या गावात. चेकर गाडीची पाटी वाचतो आणि ती गाडी कुठं चालली ते त्यावरून ठरवतो. त्याला काय कळणार, आमचं म्हणजे कुणाचं!

"नोकरीभर मी लोकांवर ओरडलो," काका दुसऱ्या दिवशी मला म्हणाले. "आणि मी स्वतः काय केलं?" मग म्हणाले, "गाव पाण्यात गेल्यापासून घरात कुणी नावच घेतलं नाही, ताई. आई नुसतं आपल्यात म्हणायची. आपल्यात असं करत, आपल्यात तसं करत. तीच सवय लागली."

त्या दुपारी नशिबानं लाइट होती. काका एकेक पान उघडून ‘आमचं गाव’ खोडत होते आणि तिथं नाव घालत होते. घालताना मोठ्यानं म्हणत होते. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. आतून आवाज येत होता, उंबरवाडी. थोड्या वेळानं परत, उंबरवाडी. आधी पुटपुटल्यासारखा, मग हळूहळू मोकळा. तांदूळ निवडून झाले तरी मी उठले नाही.

पुढं काही आठवडे गेले. एका सकाळी काका भोरला गेले आणि दुपारच्या गाडीनं परत आले. घरात आले नाहीत. अंगणाच्या मधोमध उभे राहिले, दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "उंबरवाडी, उंबरवाडी! फलाट क्रमांक एक!"

मी मोठ्यानं हसले. शेजारीण भिंतीवरून डोकावली, कोण हसलं म्हणून.

त्या पानावर आमच्या घरचा फोन नंबर होता. आता फोन यायला लागले, पण ते हॉटेलचे. पहिलं पान बघून लोक नंबर फिरवायचे. काका धावत जाऊन उचलायचे आणि मग त्यांचा आवाज चढायचा, "खोली नाही! पाणी भरपूर आहे, राहायची सोय नाही!" हे त्यांना चिडवायचे, "कंट्रोलर, तुमची गाडी लई लेट हाय." काका म्हणायचे, "रस्त्यात आहे." दिवस जात राहिले तसे काका हळू म्हणायला लागले. जेवायच्या आधीची सूचनाही एखाद्या दिवशी द्यायचे नाहीत. मी हाक मारली की नुसते यायचे.

फोन मी कधी उचलत नसे. कोण असेल, काय बोलायचं, असं व्हायचं. वाजून वाजून बंद होऊ द्यायचे. एकदा काका भोरला गेलेले असताना तो वाजला. बंद झाला. परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी हात पुसले आणि उचलला.

"उंबरवाडीचं पान बघून फोन केलाय," पुरुषाचा आवाज आला.

"हितं हॉटेल न्हाई," मी म्हटलं.

"ठावं हाय. म्या तिथलाच हाय." मग, "ते पान कुणी केलंय?"

"कंट्रोलरकाकांनी. ते भोरला गेल्यात. येतील."

पलीकडं नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, हा आता ठेवणार. "ठेवू नका," मी म्हटलं. मी आयुष्यात कुणा परक्याला असं काही सांगितलं नव्हतं. "ते लई दिवस वाट बघत्यात."

"अजून वरडतात का?"

"व्हय. जेवायच्या आधी."

तो हसला, आणि हसणं मधेच तुटलं. मग म्हणाला, "पत्ता सांगा, बाई." मी सांगितला. नीट, एकेका खुणेचं नाव घेऊन.

तो बडोद्याहून आला. ज्या दिवशी येणार त्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून अंगणात. हे म्हणाले, चला फाट्यावर घ्यायला जाऊ. काका म्हणाले, "नको. माणसांत नको." दुपारी पांढऱ्या केसांचा एक माणूस पिशवी घेऊन गल्लीतून आला. काकांसारखंच कपाळ, काकांसारखंच एका खांद्याला वाकलेलं चालणं. अंगणात शिरला आणि दोन हातांवर थांबला. शर्टाच्या खिशातून काही काढलं आणि पुढं धरलं.

"आधी तिकीट बघा," तो म्हणाला.

काकांनी तिकीट घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, उलटं करून मागचंही बघितलं. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि तिकीट आपल्या खिशात ठेवलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, ती तशीच आत गेले.

भाऊ चार दिवस राहिला. दोघं ओसरीवर बसून उंबरवाडीतल्या घरांची नावं घेत बसायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि एखादं घर चुकलं की भांडायचे. काका परत सूचना द्यायला लागले, आणि आता ओसरीवरून दुसरा आवाज उत्तर द्यायचा, "गाडी फुल झाली!" माझा चहा दोघांना आवडला. मला कुणी विसरलं होतं असं नाही. पण भांडी घासताना कुणी पाट्या वाचत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी भाऊ म्हणाला, "चला माझ्याकडं. सुना हायत, नातवंडं हायत. हितं कोन हाय तुमचं?" मी तेव्हा कपबशा घेऊन आले होते. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

काकांनी कप हातात धरून ठेवला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, काय करू?"

काय करू असं त्या घरात मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मला जे म्हणायचं होतं ते मी म्हटलं नाही. म्हटलं, "जावा की काका. एवढ्या गाड्या सोडल्या त्या कशापायी?" आणि वाटेत खायला भाकरी लागतील म्हणून पीठ मळायला आत गेले.

कॉम्प्युटर त्यांनी नेला. वेबसाइट तिकडूनही चालते म्हणाले. पोचल्याचा फोन आला तो ह्यांनी घेतला. खोलीत आता कांद्याच्या गोण्या असतात.

पान अजून पहिलंच निघतं म्हणे, आणि त्यावर नंबर आमचाच आहे. हे म्हणतात, बदलायला कळव त्यांना. मी कळवते म्हणते. हॉटेलवाले फोन कमी झालेत. आता दुसरे येतात. कुणी दौंडाकडून, कुणी मुंबईहून. माझी आजी उंबरवाडीची होती, कुणी सांगतं. माझा बाप तिथं जन्मला. त्यांना काही विचारायचंही नसतं, पहिलंच नाव दिसलं म्हणून फोन केलेला असतो. आता मीच उचलते. ज्यांनी ते पान केलं ते इथं राहत नाहीत, असं सांगते. पलीकडचं माणूस बरं म्हणतं, पण लगेच ठेवत नाही. मीही ठेवत नाही.